देवळाबाहेरचं ख्रिस्तीपण

नेवासकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमच्या देवळातल्या (चर्चमधल्या) जवळजवळ प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटने नाव घातलंय. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक परिवाराकडून सप्रेम भेट.' पंखा बंद असला की नाव वाचता येतं. चालू झाला की नाव दिसेनासं होतं आणि वारा लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायावर ('दान गुपचूप कर') याहून सोपा संदेश मी ऐकलेला नाही.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) एक पंच (कारभारी) आहेत, बांधकामाची कंत्राटं घेतात. दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवळाला) चोख. उपासनेला पहिल्या बाकावर, शुभ्र सदरा, बायबलला चामड्याचं कव्हर. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) शुक्रवारची उपास-प्रार्थना त्यांच्याच घरी असते, आणि त्यांची प्रार्थना ऐकून म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. याच गृहस्थांनी मिस्त्री आणि बिगारी लोकांची हजेरी थकवली आहे. बाजाराच्या दिवशी माणसं दारात येऊन उभी राहतात आणि 'पुढच्या आठवड्यात बघू' ऐकून परत जातात. त्यांतले दोघे आमच्याच मंडळीतले, मागच्या बाकावर बसणारे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल जे लिहिलंय ते आमच्याकडे संडे स्कूलची पोरंसुद्धा पाठ म्हणतात. एका रविवारी तोच भाग वाचला गेला. वाचणारे कोण, ते सांगायला नको.

त्यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात वाँटेजला. पण आपल्या साक्षीत (श्रद्धेच्या अनुभवकथनात) त्या स्वतःच लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी, जिच्यापुढे कलकत्त्याचे पंडित वाकले, ती हे उघड लिहिते. आमच्या पंचांना दोन्ही एकाच दिवशी सापडलेले दिसतात.

प्रश्न असा: देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर माणूस ख्रिस्ती आहे हे ओळखायचं कशावरून? वचनं टाकू नका, ती सगळ्यांना येतात. पाहिलेलं लिहा.

मुक्तछंद

मी ख्रिस्ती नाही, खरं तर कुठलाच नाही. पण ही तक्रार फक्त तुमची नाही. माळ घालून मापात मारणारे आमच्या आळीत आहेत, आणि तुकोबांनी त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वीच सोलून ठेवलंय. त्यामुळे धाग्यात नवीन काय? ढोंगी सगळीकडे असतात. पुढे?

नेवासकर

@मुक्तछंद, पुढे हेच, की ढोंगी माणसाला ओळखणं सोपं आहे. त्या पंचांबद्दल सगळ्या गावाला माहीत आहे. मला उलटं विचारायचंय. खरेपणा दिसतो कसा?

वसईची_मोगरा

आम्ही कॅथलिक, त्यामुळे दिखाव्याच्या बाबतीत तुमच्या दोन पावलं पुढेच. राखेच्या बुधवारी कपाळावर राख, मग चाळीस दिवस मांस-मच्छी बंद, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून लग्नांचा जो धडाका सुरू होतो तो विचारू नका. मंडप, डीजे, दारू, शेजाऱ्याच्या लग्नात पाच पदार्थ तर आपल्याकडे आठ. पोराच्या फर्स्ट कम्युनियनलासुद्धा (पहिल्या प्रभुभोजनाच्या विधीला) हॉल घेतात हल्ली. दरवर्षी फादर वेदीवरून साधेपणावर बोलतात, लोक माना डोलावतात आणि बाहेर पडून केटररला फोन लावतात.

पण पाहिलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. हरित वसईचं (वसईचं पाणी-हिरवळ वाचवायचं) आंदोलन आमच्या घराने जवळून पाहिलंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अनेकांना साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत आहेत (उस्मानाबाद, २०२०), किंवा 'सुवार्ता'चे संपादक म्हणून. आमच्यासाठी ते आधी पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला माणूस. बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध बोलायचं म्हणजे तेव्हा चेष्टा नव्हती, धमक्या यायच्या. माझी आजी, शाळेचं तोंड न पाहिलेली, सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) करून तशीच लुगड्याचा काष्टा खोचून मोर्चाला जायची. तिला विचारलं असतं तर तिने मिस्सा आणि मोर्चा ही दोन कामं म्हणून सांगितली नसती.

आता दुसरी बाजू. टँकर भरायचे कुठून? आमच्याच लोकांच्या विहिरींतून. मिस्सेला पुढे बसणाऱ्यांनी रात्रभर मोटर लावून पाणी विकलं. शेजाऱ्याची विहीर खारी झाली, वाडीतली केळी गेली, पानवेली गेल्या. बावखलं (पाण्याची तळी) भर टाकून बुजवली आणि त्यांवर चाळी उठल्या. त्यांतले काही त्याच मोर्चातही होते! पापनिवेदनाला (फादरपुढे पापं कबूल करायला) जाऊन 'फादर, मी मोटर लावतो' असं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. (कळायला मार्ग नाही म्हणा, ते गुप्तच असतं.) आपली पापांची यादी अजून शिव्या, दारू आणि चुकलेली मिस्सा एवढ्यावरच अडकली आहे. पाणी त्या यादीत आलेलंच नाही.

खाडीपार_नाशिककर

वरच्या प्रतिसादाला +१०००

आमच्याकडे आखातात नवा प्रकार. रोज पहाटे स्टेटसला वचन, मागे सूर्योदय. टाकणारा लेबर कॅम्पचा सुपरवायझर, पोरांचे पासपोर्ट स्वतःच्या कपाटात. स्टेटस लाईक करणारीही तीच पोरं, न करून सांगतात कोणाला.

जुनी_पानं

धागा चांगला आहे, पण 'बाह्य रूप' म्हणजे फक्त ढोंग असं धरून चाललोय आपण. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे. ख्रिस्ती दिसायचं कसं, हाच मुळात शंभर-दीडशे वर्षं वादाचा मुद्दा होता.

रमाबाईंचंच घ्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी (जोगिणींनी) त्यांना क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरं. रमाबाई अडून बसल्या: लॅटिन का? संस्कृतपेक्षा लॅटिन जास्त पवित्र असं तुम्हाला वाटतं का, की ब्राह्मणांना संस्कृतचं वाटतं तसंच तुमचं लॅटिनबद्दल आहे? त्यांतल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी या आणि असल्या कैक मुद्द्यांवर त्यांची पत्रापत्री झाली आणि ती आज छापील उपलब्ध आहे. शाकाहार त्यांनी सोडला नाही. त्या सिस्टर्सना हा हट्टीपणा वाटला, अहंकार वाटला. पुढे याच बाईने १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका गोळा केल्या आणि पुण्याजवळ केडगावला आपल्या आश्रमात आणल्या. छापखाना मुलींच्या हाती दिला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल केलं, आणि १९२२ साली गेल्या त्या हे काम आटोपूनच. क्रूस कुठल्या अक्षरांचा होता हे केडगावला उतरलेल्या मुलीने विचारलं नसणार.

ना. वा. टिळकांचंही तेच. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम. आज आपण देवळात जी भजनं म्हणतो त्यांतली ढीगभर त्यांची. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो असं ते सांगत, हे मुक्तछंद यांच्यासाठी मुद्दाम. पण मला त्यांची शेवटची दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालतील, न घेतलेलेही चालतील, येशूला गुरू मानणारा यावा, अशी कल्पना. मिशनवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार उभा राहण्याआधीच विस्कटला. फसलेला प्रयोग म्हणून त्याची दोन ओळींत बोळवण करतात. मला तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात ख्रिस्ती निर्णय वाटतो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ठरलेला पगार सोडणं ही काही कविता नव्हे.

आणि लक्ष्मीबाई! नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या, तरी सोवळं आणि वेगळी चूल सुरूच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पण त्यांच्या आठवणी वाचल्या तर बदल आधीच होऊन गेलेला दिसतो: जातपात देवाने केलेली नाही हे मनाने घेतलं, त्या दिवशी. पाणी नंतरचं.

निळी_शाई

जुनी_पानं, छान लिहिलंत. आता मी जरा कडू लिहिते.

टिळक आणि रमाबाई यांची नावं या विषयावर नेहमी येतात. माझ्या पणजीचं नाव येत नाही, कारण ती नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यात बाप्तिस्मा घेणारी बाई होती आणि तिने आठवणी लिहिल्या नाहीत. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग तिच्यासारख्यांचा आहे.

आमच्या घरात चार पिढ्या प्रार्थना आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. का, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. गावाने आम्हाला ख्रिस्ती झालो म्हणून कधी विहिरीवर घेतलं नव्हतं. सरकारने मात्र ख्रिस्ती झालात म्हणजे जात गेली असं धरलं. मग वडिलांनी मास्तरांना जे लिहायला सांगितलं ते सांगितलं. त्यावर मी शिकले, नोकरीला लागले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मनाने ख्रिस्ती राहून आरक्षणापुरतं हिंदू असल्याचं सांगणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. त्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या तीन घरांनी भिंतीवरचा क्रूस काढून कपाटात ठेवला.

तेव्हा 'बाह्य रूप नको, अंतरंग हवं' हे वाक्य मला गुळगुळीत वाटतं. तुमच्या पंचांना बाहेरून ख्रिस्ती दिसण्याचा फायदा आहे. आम्हाला बाहेरून दिसण्याची किंमत आहे. मी खोटी आहे का? रोज रात्री मी हा प्रश्न घेऊन गुडघे टेकते आणि मला उत्तर मिळालेलं नाही. कोणी पटकन देऊही नये.

आणि हो, जात. मंडळीत सगळे 'बंधू-भगिनी'. लग्न जमवायची वेळ आली की मध्यस्थ हळूच विचारतो, 'मूळचे कुठले तुम्ही?' गाव सांगितलं तरी त्याचं समाधान होत नाही.

मुक्तछंद

निळी_शाई, हा प्रतिसाद वाचून 'पुढे?' असं लिहिल्याचा सूर मलाच खटकला. एक विचारू? दाखला बदलून घेतला आणि नोकरी गेली, तर तुमची मंडळी तुम्हाला सांभाळेल?

निळी_शाई

पहिला महिना. प्रार्थना वर्षभर करतील.

तारणाची_वाट

इथे सगळं कर्मांवर चाललंय. तारण (पापातून सुटका) विश्वासाने आहे, कृत्यांनी नाही, इफिसकरांस २:८-९ वाचावे. सरकारला खोटं सांगणं हे पापच, मग कारण काहीही असो. सत्यासाठी किंमत मोजावी लागते. सुरुवातीच्या काळातल्या विश्वासणाऱ्यांनी सिंहांपुढे जाऊन मोजली.

जुनी_पानं

@तारणाची_वाट, इफिसकरांसमधलं पुढचंच वचन, दहावं, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो असं सांगणारं, तेही वाचावे. आणि सिंहांपुढे स्वतः जायचं असतं, दुसऱ्याला पाठवायचं नसतं.

पाळकीणबाई

मुलांनो, भांडू नका. मी या साईटवर कधी लिहीत नाही, सुनेने दाखवलं म्हणून टंकते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे पाळकसाहेब (माझे यजमान, मंडळीचे धर्मगुरू) नगर, जालना, सोलापूर भागांतल्या मंडळ्या करून आता निवृत्त झाले. पाळकाच्या बायकोला मंडळी पुढून दिसत नाही, स्वयंपाकघराच्या दारातून दिसते. कोण उसनं मागायला येतं, कोण परत द्यायला येतं, कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या घरी नाताळचा फराळ आमच्या डब्यातून जातो, सगळं त्या दारातून.

देवळातल्या साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगणं) मी खूप ऐकल्या. पुष्कळशा दरवर्षी थोड्या थोड्या वाढत जातात. पहिल्या वर्षी ताप असतो, तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. पण एका गावी एक विधवा बाई होती. साक्षीला कधी उठली नाही, प्रार्थना सांगितली की दोन वाक्यांत आमेन. शेजारच्या मराठ्यांच्या घरातली म्हातारी अंथरुणाला खिळली. तिच्या सुना गू-मूत काढायला नाक मुरडायच्या. ही रोज जायची, अंग पुसायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशी बदलून द्यायची, पावडर लावायची. त्याच घरात पूर्वी हिला चहा वेगळ्या कपात मिळत असे, अंगणात. म्हातारी मेल्यावर तिच्या मुलाने पाळकसाहेबांना विचारलं, 'हिला तुमचं मिशन याचे किती देतं?' साहेब म्हणाले, 'मिशन कधीच गेलं हो.' त्याचा विश्वास बसला नाही. अजूनही बसला नसेल.

ही बाई काही संत नव्हती. तोंडाची फटकळ, आणि सुनेशी तिचं मरेपर्यंत पटलं नाही.

पण एक सांगते. तुम्ही तरुण लोक देवळात येणं, बायबल घेऊन बसणं, उपास धरणं या सगळ्याला वरवरचं म्हणून मोडीत काढता. ती बाई एक रविवार चुकवत नसे. तिला ते बळ कुठून आलं असेल? देवळात बसणारे सगळे तसे होत नाहीत हे खरं. पण मी जी माणसं पाहिली त्यांतली बहुतेक त्याच बाकांवरून उठलेली होती.

निळी_शाई बाळा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. तुझ्या पणजीचं नाव मात्र कुठेतरी लिहून ठेव. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरात सापडेल, वाळवीने खाल्लं नसेल तर.

वसईची_मोगरा

बाई, तुम्ही रोज लिहा इथे.

नेवासकर

पाळकीणबाई, सलाम. तुमच्यापुढे माझं काय लिहिणं, तरी धागा मी काढलाय म्हणून.

मला बायबलमधला जकातदार जक्कय आठवत होता. लहानपणी त्याची गोष्ट म्हणजे बुटका माणूस आणि उंबराचं झाड, एवढीच. फ्लॅनेलच्या फळ्यावर झाड चिकटवायचं, जक्कय चिकटवायचा, गाणं म्हणायचं, घरी जायचं. मोठेपणी लूकचा एकोणिसावा अध्याय नीट वाचला तेव्हा लक्षात आलं की तो माणूस भक्तीबद्दल अवाक्षर काढत नाही. उभा राहतो आणि हिशेब सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. तारण आज या घराला आलं, असं येशू म्हणतो ते हे आकडे ऐकल्यावर. तारणाची_वाट यांनी यावर लिहावं, मी वाद घालणार नाही, खरंच वाचायला आवडेल.

रोग बरा झाला, नोकरी लागली, व्हिसा मिळाला, दारू सुटली, सगळ्या साक्षी आमच्याकडे होतात. 'मी अमक्याचे इतके दाबले होते, काल देऊन आलो' ही साक्ष मी अजून ऐकलेली नाही. पाळकसाहेबांच्या सगळ्या मंडळ्यांत मिळून कधी झाली का, बाई?

तारणाची_वाट

जक्कयाचा विश्वास आधी, देणं नंतर. तो झाडावर चढला तेव्हाच देवाचं काम सुरू झालं होतं. मात्र विश्वास असून देणं आलंच नाही, तर तो विश्वास होता का, हे विचारायला हरकत नाही. एवढं मान्य. निळी_शाई यांना लिहिलं ते कठोर झालं असेल, पण मत तेच आहे.

निळी_शाई

असू दे मत. मी रविवारी तुमच्या शेजारी बसले तर सरकून जागा द्या म्हणजे झालं.

पाळकीणबाई

नेवासकर, एकदा झाली म्हणता येईल. अर्धी.

दोन सख्खे भाऊ, एकाच मंडळीतले, सामाईक विहिरीवरून कोर्टात. थोरल्याने धाकट्याचं पाणी तोडलं होतं. दोघे देवळात दोन टोकांना बसायचे आणि प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) पाठोपाठ यायचे. एका प्रभुभोजनाच्या रविवारी साहेबांनी मत्तयाच्या पाचव्यातलं वाचलं, वेदीवर दान तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर ते, आणि भाकर हातात घेऊन थांबले. नाव कोणाचं घेतलं नाही. बराच वेळ थांबले. थोरला उठून बाहेर गेला, रागानेच. पुढे कित्येक महिने देवळात आला नाही. पंचांनी साहेबांना दोष दिला की तुम्ही एक घर तोडलंत, वर्गणी बुडाली. मग एके दिवशी धाकटा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, 'बाई, दादाने मोटरीची चावी पाठवली.'

नेवासकर

मग केस काढून घेतली का?

पाळकीणबाई

छे! केस चालूच आहे, वकील ऐकतात होय. पण पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्यात, दोघांचं भिजतं. आता धाकट्याची तक्रार अशी, की लाईट रात्रीची असते त्याच आठवड्यात दादा नेमकी त्याची पाळी लावतो.